पेटंट प्रसिद्ध झालं, अभिनंदन!

तुम्ही नाशिकच्या एखाद्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असाल आणि अजून स्टार्टअप काढला नसेल, तर घाबरू नका. तो काढायचा नसतोच. दाखवायचा असतो.

मुहूर्त १६ जानेवारीचा धरा. राष्ट्रीय स्टार्टअप दिन. त्या दिवशी सभागृहाच्या पहिल्या दोन रांगा भरायच्या, कारण फोटोत तेवढ्याच येतात. (मागे बसून सबमिशन उरकता येतं. माझी दोन जर्नल्स तिथेच झाली.) शिक्षण मंत्रालयाने २०१८ पासून कॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिल सुरू केल्या. त्यांचे अहवाल जातात, अहवालाला फोटो लागतात, आणि फोटोला तुम्ही. नवनिर्मितीत विद्यार्थ्यांचा सहभाग म्हणतात तो हाच.

आता कल्पना. नाशिकला कांद्याचं ॲप सगळ्यात सेफ. लासलगावला मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन भाव पुकारताना दिसेल, चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा कसा सडतो आणि वजनात किती घटतो हे कुणीतरी बाप्या ऐकवेल, आणि तुमची चौथी स्लाइड बिघडेल. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीचंही तेच. ‘नग केवढ्याला पडेल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. अशा माणसांशी काय बोलणार!

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. भांडवलासाठी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं चित्रित करून लोकांना दाखवलं, विम्याची पॉलिसी गहाण टाकली, बायकोचे दागिने गेले, तेव्हा कुठे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. बिचाऱ्यांकडे पीपीटी नव्हती.

राहिलं पेटंट. ही खरी गंमत. अर्ज टाकला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. तोवर कुणी तपासलेला असायची गरज नसते. तपासणीसाठी वेगळी विनंती करायची, तिची फी वेगळी. ती कशाला भरायची? ‘प्रसिद्ध झालं’ एवढ्यावर गेटवर फ्लेक्स लागतो. ‘मिळालं’ आणि ‘प्रसिद्ध झालं’ यातला फरक तुमच्या आईला कळत नाही, आणि समितीला कळतो पण ती विचारत नाही. संशोधकांच्या यादीत आधी सर, मग मॅडम, मग सरांचे सर. सातवं नाव तुमचं. स्पेलिंग तेवढं तपासून घ्या.

एक इशारा देऊन ठेवतो. आमच्या वर्गात निफाडचा एक जण होता. निर्यातीतून बाद झालेल्या घरच्या द्राक्षांचे बेदाणे करून अर्धा-अर्धा किलोची पाकिटं होस्टेलवर विकायचा. उद्योजकतेच्या सेमिनारमध्ये त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं. सरांनी त्याला बाहेर काढलं, हजेरी कमी म्हणून नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये गेलं, सर्टिफिकेटही हुकलं. दिवाळीला त्याच सरांनी दोन किलो बेदाणे नेले. पैसे अजून यायचेत.