पीएनजी आला म्हणून शेगडीचं जेट घरी ड्रिल करू नका

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत पाइप गॅस, म्हणजे पीएनजी, सुरू होतोय आणि गेल्या आठवड्यात ग्रुपवर एकच मेसेज चार जणांनी टाकला. त्यात म्हटलंय की सिलिंडरचा एलपीजी काय नि पीएनजी काय, शेवटी गॅसच, कंपनीच्या माणसाची वाट कशाला बघता, शेगडीचं जेट (बर्नरला गॅस सोडणारा बारीक भोकाचा भाग) घरीच बारीक ड्रिलने नाहीतर सुईने मोठं करा, फ्लेम पिवळी आली तरी दोन दिवसांत बसते, पीएनजी हलका असतो म्हणून लीक झाला तरी भीती नाही, आणि पुढे कधी सिलिंडर लावायचा झाला तर तीच शेगडी चालते. वाचून खरंच काळजी वाटली म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं म्हणजे दोन्ही गॅस एक नाहीत. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन, पाइपातून येतो तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच घनफळात एलपीजीत मिथेनच्या अडीच-तीन पट उष्णता असते. शिवाय घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलिबार दाबाने येतो आणि पीएनजी 21 च्या आसपास. म्हणून पीएनजीचं जेट मोठं लागतं, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण किती मोठं? हे भोक मिलिमीटरच्या अंशात मोजतात. 0.8 चं 0.9 झालं तर तुम्हाला डोळ्यांनी फरक दिसणारसुद्धा नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ सव्वापट होतं आणि गॅसही तेवढाच जास्त येतो. सुई फिरवली की भोक गोल राहत नाही, कड खरबरीत होते, गॅसची धार तिरकी जाते आणि वाटेत हवा नीट ओढली जात नाही. मोठ्या आणि छोट्या बर्नरची जेट वेगळी असतात हे तर मेसेजमध्ये कुठेच नाही. काही मेकॅनिकही ड्रिलच मारतात, मला ते पटत नाही. त्या शेगडीच्या मॉडेलचं तयार जेट मिळत असेल तर तेच मागा आणि बसवायचं काम कनेक्शन सुरू करायला गॅस कंपनीचा माणूस येतो त्याच्याकडूनच करून घ्या.

आणि नुसतं जेट बदलून काम संपत नाही, सिमचं काय? नॉबच्या आत सिमसाठी वेगळी बारीक वाट असते, ती एलपीजीच्या हिशोबाने केलेली. ती तशीच राहिली तर पीएनजी कमी येऊन सिमची फ्लेम फारच बारीक होते. मग दूध सिमवर ठेवून तुम्ही बाहेरच्या खोलीत जाता, खिडकीतून वाऱ्याची झुळूक येते, बारीक झालेली फ्लेम विझते आणि गॅस चालूच राहतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या शेगड्यांना फ्लेम विझल्यावर गॅस आपोआप बंद करायची सोय नसते. म्हणून तो माणूस जायच्या आत प्रत्येक बर्नर सिमवर ठेवून, नॉब झटकन फुलवरून सिमवर आणून बघा. आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून घ्या, काडी पेटवून बघायचं नाही.

पिवळी फ्लेम "बसत" वगैरे नाही. पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय, पातेल्याचं बूड काळं होणार, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, ज्याला वास नसतो. गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो म्हणून लीक कळतं, हा कळत नाही. थंडीत आपण स्वयंपाकघराच्या खिडक्या गच्च लावून घेतो तेव्हा तर फारच जपायला हवं.

पीएनजी हलका असतो हे खरं. एलपीजी जमिनीलगत साचतो, पीएनजी वर जातो. पण वर जातो म्हणजे कुठे, तर खिडकी बंद असेल तर छताखाली, माळ्याजवळ, आणि हवेत साधारण 5 ते 15 टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो. वास आला तर बटणाला हात लावू नका, एक्झॉस्टच्याही नाही, वॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा. ज्यांनी एलपीजीसाठी गॅस डिटेक्टर खाली फरशीजवळ लावलाय त्यांनी तो मिथेन ओळखतो का ते बघून घ्या आणि वर छताजवळ लावा, खाली राहिला तर उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण आमच्याच घरात झालंय. आत्याने पुण्यातला फ्लॅट सोडताना पीएनजीची शेगडी भोरला नेली आणि सिलिंडर जोडला. मी तिथेच होते. लायटर लावला आणि भप्प करून पिवळा जाळ कढईच्या कडेवरून वर आला, कढईच्या कानाला लावलेली पक्कड तापली, भिंतीच्या टाइल्सवर काजळीचा पट्टा उमटला. पीएनजीच्या भोकातून एलपीजी सोडला की उष्णता जवळजवळ दुप्पट होते, त्याला लागणारी हवा तेवढी मिळतच नाही. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला. आत्या नंतर बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होती.

आता आमच्या शेगडीची काढलेली एलपीजीची जेट एका छोट्या पिशवीत घालून मी कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलीयेत, आणि शेगडीच्या खालच्या बाजूला ऑइल पेंटने लिहिलंय, "फक्त पीएनजी".