गुप्त सँटा आणि अर्धा इंच

काल संध्याकाळी पुण्यात बोहरी आळीतल्या एका गिफ्टच्या दुकानात माझी जी काही शोभा झाली ती अजून डोक्यातून गेलेली नाही, त्यामुळे आधीच सांगते, हे सगळं थोडं रागातच लिहितेय.

प्रकरण साधं आहे. ऑफिसमध्ये सिक्रेट सँटा, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला नाताळात गुपचूप गिफ्ट द्यायचं. गेल्या वर्षी गिफ्टची लिमिट पाचशे होती, यंदा एचआरचा मेल आला की 'सध्याची परिस्थिती लक्षात घेता' दोनशे. परिस्थिती म्हणजे काय, तर इन्क्रिमेंट नाही, दिवाळीला सुकामेव्याच्या डब्याऐवजी एक चिमुकली कुंडी मिळाली, जिच्यातलं झाड पाडव्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही, आणि आमच्या रांगेतल्या दोन खुर्च्या ऑक्टोबरपासून रिकाम्या आहेत. पण ख्रिसमस मात्र दणक्यात करायचा, कारण मोराल. लाल कपडे आमचे, केकला कॉन्ट्रिब्युशन आमचं, गिफ्ट आमच्या पगारातून आणि फोटो कंपनीच्या लिंक्डइनवर. कंपल्सरी अजिबात नाही हं, फक्त कोण येतंय आणि कोण नाही त्याची एक एक्सेल शीट आहे. आणि एवढं करून चिठ्ठीत मला निघाला कोण, तर आमचा मॅनेजर. ज्याने अप्रेझलला 'यू आर ऑलमोस्ट देअर' म्हणून माझी बोळवण केली, तोच.

तर मी दुकानदाराला हळूच विचारलं, दोनशेच्या आत काय आहे? मी हळूच विचारलं होतं हे लक्षात घ्या. त्याने मान वर करून माळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारली, "अरे, मॅडमना स्वस्तातलं दाखव रे!"

दुकान भरलेलं. कॉलेजच्या मुली चमकीचे तारे घेत होत्या, एक बाई शाळेच्या नाटकासाठी सँटाच्या दाढ्या डझनात मागत होत्या. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघून घेतलं. आणि काउंटरला टेकून उभे होते ते आजोबा. कानटोपी, हाफ स्वेटर, हातात वायरची पिशवी. ते गिफ्ट घ्यायला आलेलेच नव्हते, मोजायची टेप परत करायला आले होते. का, तर टेप अर्धा इंच कमी भरते. घरी वडिलांच्या वेळची सागवानी फूटपट्टी आहे, तिच्याशी ताडून बघितली म्हणे, पाच फुटांत अर्धा इंच मारलाय. दुकानदार आपला, "आजोबा, पट्टीच जुनी असेल," म्हणून टाळत होता, आणि आजोबा शांतपणे सांगत होते की लाकूड आकसतं, मान्य, पण मग टेप जास्त भरायला हवी होती, कमी कशी भरेल? दुकानदाराला उत्तर सुचत नव्हतं. (मलाही अजून सुचलेलं नाही.) तेवढ्यात मी सापडले, आणि त्याने आजोबांना माझ्या अंगावर सोडलं.

"तुम्ही ख्रिश्चन का?"

"नाही, ऑफिसमध्ये सिक्रेट सँटा आहे."

"म्हणजे?"

"कोणी कोणाला गिफ्ट दिलं ते गुप्त ठेवायचं असतं."

"मग मला कशाला सांगताय?"

आता यावर काय बोलणार. मी गप्प बसून टोपलीतल्या वस्तू बघायला लागले. पण पुण्यात एकदा कोणी मनावर घेतलं की गप्प बसून सुटका होत नाही. द्यायचं कोणाला? मॅनेजरला. म्हणजे साहेब? हो. साहेबाचा पगार तुमच्यापेक्षा जास्त ना? हो. मग उलटं नको का व्हायला? दाढ्यावाल्या बाई चक्क हातातलं सोडून ऐकत होत्या.

आजोबांचं म्हणणं, ही सगळी आहेराचीच भानगड आहे, फक्त टोपी लाल. त्यांच्याकडे वही आहे. १९७१ साली त्यांचं लग्न झालं तेव्हापासून कोणी काय आहेर केला त्याची नोंद, नावानिशी. त्यात समजा एखाद्याने अकरा रुपये पाकिटात घातले असतील तर त्याच्या नातवाच्या मुंजीत आजोबा अकराच घालतात. मी म्हटलं, "अहो पण महागाई?" तर म्हणाले, "महागाई सरकारने केली, मी नाही." शिवाय आलेलं स्टीलचं भांडं नाव घालून आलं असेल तर फिरवता येत नाही, म्हणून नाव घालून देणारी माणसं त्यांना दुष्ट वाटतात. ब्लाउज पीसबद्दलही ते बोलले पण ते मी इथे लिहीत नाही, आमच्याकडचाच एक पीस माझ्या लग्नापासून कपाटात फिरायची वाट बघतोय.

"चॉकलेट द्या," ते म्हणाले. "२०२५च्या सप्टेंबरात जीएसटी अठरावरून पाचवर आलाय." हे त्यांना माहीत, मला नाही.

"साहेबांना शुगर आहे."

"मग तर द्याच," असं काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी मी एक सुगंधी मेणबत्ती उचलली. काचेच्या ग्लासात, लॅव्हेंडर, किंमत दोनशे दहा. आजोबांनी ती हातात घेतली, वास घेतला, मग "का हो, साहेबांकडे लाइट जातात का?" असं विचारलं, आणि काय वाटलं कोण जाणे, तीच ती भांडणातली टेप काढून मेणबत्ती मोजायला लागले. खोक्यावर लिहिलंय चार इंच. टेपने भरली साडेतीन. काच सोडून नुसतं मेण मोजलं तर तीनच्याही आत, खाली तळ जाड ठेवलेला. आता टेप कमी भरतेय की मेणबत्ती, यावर ते आणि दुकानदार पुन्हा जुंपले, आणि मी मध्ये पाकीट हातात धरून उभी. पण मला विचाराल तर आजोबा बरोबर होते. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा बघा, किंमत तीच आणि आतली बिस्किटं कमी होत चाललीत. शाम्पूची बाटली बघा. आमची दिवाळीची भेट बघा. सगळीकडे तळ जाड केलाय.

आणि मग आजोबांनी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं दुकानदाराला सांगितलं, "अहो शेठ, दहा रुपये कमी करा. ताईंची परिस्थिती नाजूक आहे."

दुकानदाराने माझ्याकडे जे काही बघितलं! दहा रुपये कमी केले. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही पुढे व्हा ना." काकू! दहा रुपये मी घेतले, उगाच कशाला सोडायचे, पण त्या 'नाजूक'चा राग अजून आहे, आणि राग आजोबांवर आहे की एचआरवर ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

घरी येऊन वाचत बसले, कारण झोप येत नव्हती. तर १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी चक्क एक संस्था काढली होती, निरुपयोगी भेटींना आळा घालायला. नाव लांबलचक म्हणून सगळे तिला नुसतं 'स्पग' म्हणायचे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींना नाताळात वरिष्ठांच्या गिफ्टसाठी आपल्या तुटपुंज्या पगारातून पैसे काढावे लागायचे, ते बंद व्हावं म्हणून ही खटपट, आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा तिचा सभासद झाला होता. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं झाली आणि मी अजून साहेबासाठी मेणबत्ती घेतेय. आपल्याकडे अशी संस्था निघायची नाही, पुण्यात तर नाहीच, कार्यकारिणीवरूनच दोन संस्था होतील.

आणखी एक सापडलं. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारून हिशेब काढला की नाताळात मिळालेली वस्तू घेणाऱ्याच्या लेखी तिच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून तिसऱ्या हिश्शापर्यंत कमीच भरते. म्हणजे माझी दोनशेची मेणबत्ती साहेबाच्या टेबलावर पोचली की फार तर एकशे ऐंशीची, आणि तो माझ्या अप्रेझलसारखाच हिशेब करणार असेल तर एकशे तीस. आजोबांना हे फोन करून सांगावंसं वाटलं. अर्धा इंच!

घरातली कपात वेगळीच. मुलाने सँटाला पत्र लिहिलंय, त्यात लेगोचा असा सेट मागितलाय की त्याच्या किमतीत आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो. मी त्याला समजावलं की यंदा सँटाला जरा टाइट आहे. तो म्हणाला, "त्याला कशाला टाइट असेल? त्याची स्वतःची फॅक्टरी आहे, एल्फना पगार पण द्यावा लागत नाही." आठ वर्षांचा आहे, आणि मॅनेजमेंट त्याला आत्ताच कळलंय. नवरा म्हणाला त्यापेक्षा एकदा कॅम्पात एमजी रोडची रोषणाई दाखवून आणू, फुकट आहे. फुकट कुठली. तीस-चाळीसचं पेट्रोल, सँटाची टोपी, चमकणारी शिंगं, आणि मग ईस्ट स्ट्रीटला आलोच आहोत तर कयानी बेकरीच्या रांगेत उभं राहायचं, कारण श्रूजबेरी बिस्किटं न घेता परत गेलो असं सासूबाईंना सांगायची हिंमत दोघांतही नाही. फुकटाच्या रोषणाईचं बिल मेणबत्तीच्या वर गेलं.

आणि कपात करायला माझी ना नाही हो. खरंच नाही. आमच्या शेजारच्या ख्रिश्चन काकू दर नाताळाला घरी केलेल्या करंज्या आणि कलकल नावाचं तळलेलं गोड एका डब्यात घालून देतात, डबा दिवाळीत आम्ही चिवडा घालून परत करतो, कोणी लिमिट घातलेली नाही की एक्सेल शीट नाही. तिथे कोणी काही मोजत नाही. ज्यांनी आमचं मोजून कापलं त्यांनीच वर 'किंमत नाही, भावना महत्त्वाची' असं मेलमध्ये बोल्ड करून लिहावं, याचा मला त्रास होतो. भावना एवढी महत्त्वाची तर त्या दोन खुर्च्यांवरच्या माणसांना निदान केकला तरी बोलवा. नाही बोलवणार. त्यांची नावं शीटमधून काढलीयेत, मी बघितलं.

असो. चोवीस तारखेला वाटप आहे. माझं नाव ज्या कोणाला निघालंय त्यांना एकच विनंती, कॉफीचा मग नको. घरात इतके मग झालेत की एकात डाळीची पळी ठेवते. दोनशेत तेलाची एक लिटरची पिशवी बसते, सूर्यफूल चालेल. रॅप केली नाही तरी चालेल, फक्त गळत नाहीये ना तेवढं बघा.