दोन फुटांची भावकी

आमच्या घरापासून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या, आंब्याच्या कलमांकडे जाणारी वाट एका ठिकाणी काटकोनात वळते. त्या वळणाच्या आतल्या अंगाला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. उंची कमरेएवढी, वय माझ्या आजोबांएवढं आणि मालकी चुलतकाकांची. हा गडगा दोन फूट मागे सरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण देवगडात गडगा मागे घ्या म्हणणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आधी काकांकडे जायचं. चहा घ्यायचा. मग बांधावरच्या फणसाचा विषय निघणार. तो फणस पडूनही आता वीसेक वर्षं झाली, पण त्याचे गरे कुणी किती खाल्ले याचा हिशेब अजून उभा आहे. मग मोजणी. मोजणी म्हटली की मुंबईचे वाटेकरी. ते येणार गणपतीला, सही करणार पुढच्या गणपतीला. त्या मानानं पोलाद कापणं मला सोपं वाटलं.

तोवर सड्यावरून आंबा डोक्यावरून उतरत होता. वीस किलोचा क्रेट, उतार घसरडा, आणि माणसं दरवर्षी कमी नि मजुरी दरवर्षी जास्त. म्हणून मी दिवाळीत एक जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली. घाट चढून आली, अंगणात उभी राहिली, आईनं नारळ ओवाळला. दुसऱ्या दिवशी मी ती वळणावर नेली. पुढची चाकं झोकात वळली आणि मागचं डावं चाक थेट गडग्याच्या अंगावर निघालं. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते वळणात आत घुसतं, आणि गाडी जितकी लांब तितकं जास्त घुसतं, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मी टेपनं मोजलं. १२० इंच. मागे-पुढे करत वाटेवर परत यायला पाऊण तास गेला. काका ओटीवर बसून पान लावत बघत होते. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअर आहे आणि त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे गाड्यांबद्दल त्याचं ज्ञान एकदम शुद्ध आहे. "मामा, व्हीलबेस कमी कर, म्हणजे ते चाकांमधलं अंतर," तो म्हणाला. "१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, तिचा व्हीलबेस फक्त ८० इंच होता. कुठेही जायची ती." मग त्यानं पोटाचा कोन समजावला. गाडी उंचवट्यावर चढली की मधलं पोट टेकू नये, तर चाकं जवळ हवीत. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून आठ इंच. १२० इंचांवर कोन भरतो सुमारे १५ अंश, तोच ९६ इंचांवर १९ अंश होतो. वर वळणाचा घेर पाचव्या हिश्शानं कमी. चोवीस इंच कापायचे, बस. त्यानं "बस" असं म्हटलं, जणू विजारीचे पाय आखूड करायचे आहेत.

मेस्त्री आले ते वेल्डिंग मशीन टेम्पोत घालूनच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, पान्यानं टकटक केलं, कान देऊन ऐकलं. आमचे डॉक्टर छातीवर असंच करतात.

"कापूक काय ओ, कापून देतंय मी," मेस्त्री म्हणाले. "जोडूचा कसा, ता आधी बोलूया."

इथे एक सांगतो. आरसी बुकात व्हीलबेस मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि कंपनीनं दिलेल्या मूळ वर्णनाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, असं जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं आहे. म्हणजे कापलेली गाडी डांबरावर आणायची सोय नाही. माझी वाट खळ्यातून निघते ती भावकीच्याच जमिनीतून सड्यावर जाते, डांबर कुठे लागत नाही, म्हणून मी हे धाडस केलं. म्हणूनच गाडी कणकवलीच्या गॅरेजात न जाता तिचं ऑपरेशन आमच्या खळ्यात झालं. कुणी हे वाचून हौसेनं आपली गाडी कापायला घेईल तर आधी आपला डांबरी रस्ता कुठे सुरू होतो ते बघावं.

खळ्यात त्या वेळी सुपाऱ्या वाळत होत्या.

"लोकां मोठी गाडी घेतत, नि तू होती ती कापतंस?" आईनं विचारलं. मी पोटाचा कोन सांगितला. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सुपाऱ्या दोन हात बाजूला ओढल्या. दोन हात पुरले नाहीत. ग्राइंडरच्या ठिणग्या थेट तुळशीपर्यंत जात होत्या. पुढे शिमग्यात एका पाहुण्यानं सुपारी कातरायला घेतली तर अडकित्त्याचं पातंच दुमडलं. सुपारीच्या सालीवर वेल्डिंगचा मणी चिकटला होता. पाहुणे म्हणाले, "कडक आसा."

चॅसी सरळ उभी कापून डोक्याला डोकं लावून जोडली तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि ती तिथेच तडकते. म्हणून मेस्त्रींनी पायरीसारखा, झेडच्या आकाराचा काप घेतला. आतून जाड पट्टी बसवली, पट्टीला भोकं पाडून भोकांतून वेल्डिंग भरलं. कापण्याआधी चॅसीवर दोन्हीकडे खडूनं रेघ मारली, सुतळी ताणून कर्ण मोजले. डावा कर्ण आणि उजवा कर्ण सारखे आले नाहीत तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी चालते. हे सगळं काम मेस्त्रींनी इतकं निगुतीनं केलं की मी त्यांच्यापुढे हात जोडले. पण वेल्डिंग पेटलं की वाडीतले दिवे पिवळे पडत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐन मालिकेच्या वेळेला अर्धी वाडी आमच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, उभी. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, की मालिकेतल्या सुनेनं डबी उघडली का, आणि ते माझ्यामुळे कळलं नव्हतं. त्यानंतर काम सकाळी.

बाकीची गाडी दोन फूट आखूड झाली तशी तिच्या पोटातली प्रत्येक वस्तू दोन फूट लांब झाली. ब्रेकची नळी कापून नवी टोकं. सायलेन्सरचा पाइप कापला. मागच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा, प्रोपेलर शाफ्ट, आधी दोन तुकड्यांत होता, मध्ये बेअरिंग. आता एकच तुकडा, लेथवर जाऊन आखूड होऊन आला. तो बसवल्यावर तिसऱ्या गिअरला अशी थरथर सुरू झाली की डॅशबोर्डवरचा गणपती हळूहळू पाठमोरा झाला. शाफ्टच्या दोन टोकांची दोन तोंडं एका रेषेत हवीत, ती एक दात चुकली होती. पुन्हा खोललं. तोंडं जुळली, गणपती स्थिरावला.

राहिली हँडब्रेकची केबल. नवी आखूड केबल मिळेना, तेव्हा मेस्त्रींनी जास्तीची केबल चॅसीला गोल गुंडाळून आवळली आणि म्हणाले, "पयल्याच खाचेत लागता. सांभाळून वढा." हे वाक्य मी ऐकलं. लक्षात मात्र ठेवलं नाही.

हौद्याचा मामला सगळ्यात कठीण. नऊ फुटांचा हौदा. मेस्त्रींना तो कापायचं जिवावर आलं, फाळका नवा होता. "तसोच ठेवया, मागे जरा लोंबात." तसाच ठेवला. मागच्या ॲक्सलच्या मागे इतका हौदा लोंबला की वीस क्रेट भरल्यावर स्टिअरिंग लोण्यासारखं मऊ झालं. आनंदानं मी मेस्त्रींना हाक मारली. त्यांनी पुढचं चाक पायानं ढकलून बघितलं. वजन मागे गेलं होतं आणि पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती. हौदाही कापला. सात फूट उरला. ज्या आंब्यासाठी गाडी कापली त्यातले पाव आंबे गाडीबाहेर राहिले, हे त्रैराशिक मी त्या दिवशी मुद्दाम मांडलं नाही.

उंचीसाठी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला. त्यानं गाडी दीड इंच उठली आणि बसणारा माणूस त्याहून बराच जास्त.

शिमग्याच्या तोंडावर गाडी तयार झाली. तिला सड्यावर न्यायच्या आधी गाऱ्हाणं घालणं आलंच. राखणदाराला नारळ ठेवला, मानकरी आले, भावकी जमली. काकाही आले, गाऱ्हाण्याला येऊ नये इतकं वैर आमच्यात कुणी धरत नाही. मानकऱ्यांनी सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान लोखंडाची गाडी मदीच कापून परत जोडल्यान हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या जोडाक, तिच्या चाकाक, काय वाकडा-नाकडा असात ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या भावकीत जो काय गडगो उभो रवलो असात, तो आडवो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता.

आणि गाडी वळली. सांगायला मला आजही बरं वाटतं. एका दमात, मागे न घेता वळली. मागचं चाक आणि गडगा यांच्यात चार बोटं फट राहिली. पुढे चढ लागला, लो गिअर टाकला, मुरमाड घळीवरून पोट न टेकता गाडी वर. कातळावर मात्र एक खोलगट जागा आली आणि मागचं उजवं चाक हवेत उचललं गेलं. कडक पाटे, रिकामा हौदा, चाक खाली यायला तयारच नाही. साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे जोडीतल्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी पेटीचा, स्वभाव असा की ज्या चाकाला काम नाही तेच जोरात फिरतं. समोरच्या जोडीतही एक चाक मुरमावर घसरत होतं. म्हणजे फोर बाय फोर गाडीत चार चाकांपैकी दोन आळशी, दोन हुशार आणि हुशार दोघं गंमत म्हणून फिरतात. शेवटी मेस्त्री हौद्याच्या उजव्या कोपऱ्यावर जाऊन बसले. मेस्त्रींचं वजन नव्वद किलो आहे. चाक टेकलं, गाडी निघाली. तंत्रज्ञानाचा शेवटचा नटबोल्ट माणूसच, असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "हळू."

परतीला पहिल्या तोडीचे वीस क्रेट. चारशे किलो, शिवाय उतार. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागचा भाग हलका होतो. गाडी आखूड असली की मागचा भाग हलका झाल्याची बातमी फार लवकर कळते. वळण जवळ आलं तेव्हा गाडी मला जरा जास्तच उत्साही वाटली. पायाखालचा ब्रेक होताच. पण घाबरलेला हात काही पायाला विचारत नाही. मी हँडब्रेक ओढला.

पहिल्याच खाचेत लागला. मागची दोन्ही चाकं आवळली, मुरुम सरकला आणि गाडीची शेपटी नवरीसारखी मान वळवून आली. धाड! मागचा कोपरा गडग्यावर. चिरे एकेक करून, घाई न करता, आत काकांच्या परड्यात लोळले. दहा-बारा फूट गडगा आडवा. एक हापूस घरंगळत काकांच्या पायाशी जाऊन थांबला.

काका आले. आधी आंबा उचलला, धोतराला पुसला, वास घेतला. मग गडग्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण फणसापासून सुरुवात करावी की गाऱ्हाण्यापासून, ते ठरेना.

"तुका लागला नाय मां?" काका म्हणाले.

"नाय."

"गाडीक?"

"नाय."

"मगे जाऊंदे. गडगो मी बांधून घेतंय. सड्यावरच्या पडक्या मांगराचे चिरे आसत. तुझी गाडी लागतली."

मला भरून आलं. सबंध एप्रिल सकाळी आंबा उतरवला आणि दुपारी काकांचे चिरे. आखूड गाडी, उतार, चिरे, सगळं जमू लागलं. हँडब्रेकला मी सुतळी बांधून ठेवली होती. काकांचा गवंडी गडगा रचत होता, काका उभे राहून सांगत होते, मी चिरे देत होतो. फणसाचा विषय एकदाही निघाला नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गडगा पूर्ण झाला, अगदी ओळंब्यात, पहिल्यापेक्षा देखणा. मी पुढची खेप घेऊन वळणाकडे आलो.

गाडी अडली.

मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी टेप काढला, गडग्याच्या बुडापासून वाटेच्या दुसऱ्या कडेपर्यंत धरला, मग जुन्या पायाची खूण शोधून तिथपासून धरला. काका ओटीवर पान लावत होते.

"सा इंच भायर इलो हा," मेस्त्री हळूच म्हणाले. मग चॅसीखाली वाकून त्यांनी जुन्या जोडावर पान्यानं टकटक केलं, कान दिला. "जागा आसा अजून. कापूया?"

खळ्यात आईची कोकमाची सोलं वाळत होती. तिनं काही विचारलं नाही. सूप आणलं आणि एका बाजूनं भरायला लागली.