दोन जाड हातांत नंदी गुळगुळीत होते का? एका कमेंटला उत्तर

भाऊ, सविस्तर लिहिलं ते बरं केलं, नुसतं "मस्त दादा" टाकून जाणाऱ्यांपेक्षा हे कधीही चांगलं. तुमचं म्हणणं असं, की तान्ह्या पोळ्याच्या (पोट्टे लाकडी बैल मिरवतात तो सण) वीतभर लाकडी नंदीला घासायचा पेपर, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा हात, पुन्हा पेपर ही सगळी रिकामटेकड्यांची कामं आहेत, तुमच्या गावचा वाढई ऑइल पेंटचे दोन जाड हात मारून उन्हात ठेवते अन् संध्याकाळी बैल चमकून राह्यते, आणि नाहीतरी पोट्टे दुसऱ्या दिवशी त्याचं शिंग मोडूनच आणतात.

शिंगाचं मान्य आहे बाप्पा. पण ग्लॉसी पेंट तर खडबडीत फळीवरही चमकतो, आणि ती चमकच सगळं उघडं पाडते. रात्री लाइट बंद करा, मोबाइलचा टॉर्च बैलाच्या पाठीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, मंग पहा, रंध्याचा झटका, पेपरचे आडवे ओरखडे, लांबी म्हणजे बुजवायचा लेप न भरलेलं खिळ्याचं भोक, एकेकाची सावली पडलेली दिसते. जाड हातानं हे झाकत नाही, उलट काठाकाठानं ओघळ येतात ते वेगळेच.

अन् जाड हात उन्हात ठेवणं तर मला अजिबातच पटत नाही. ऑइल पेंट फक्त टर्पेंटाइन उडून वाळत नाही, तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, म्हणजे आधी वरचा थर धरतो आणि खाली ओलाच राहतो, दुधावर साय यावी तसा. कडक उन्हात ती साय अजून लवकर येते, आतला रंग अडकतो आणि पोटाखाली, पायाच्या बेचक्यात जिथं रंग साचलेला असतो तिथं सुरकुत्या पडतात. तुमच्या त्या चमकत्या बैलाच्या बेचक्यात संध्याकाळी नख दाबून पहा, उमटलं तर समजायचं. त्यात पोळा येतो पिठोरी अमावस्येला, भर पावसाळ्यात, दमट हवेत वाळायला उशीरच लागते, म्हणून डब्यावर लिहिलेल्या तासांवर काहून विसंबायचं? मी पेपरनं पाहतो. 320 चा पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक) हलक्या हातानं फिरवला आणि पांढुरकी पावडर निघाली तर पुढचा हात मारायचा, रंगाच्या गोळ्या होऊन पेपर चिकटला तर बैल अजून एक दिवस ठेवून द्यायचा. याला वेळ लागते म्हणता, पण त्यात हात चालवायचं काम थोडंसंच आहे, बाकी नुसती वाट पाहणं आहे, तेवढ्यात तुम्ही वावरात जाऊन या.

प्रायमर काहून, हे एका जागी नीट दिसते. शिंगाचं टोक, कान, खूर, चाकाची कड, जिथं लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात ते तोंड रंग पिऊन घेते, म्हणून पाठ चकचकीत अन् खूर मळकट दिसतात. या तोंडांना वूड प्रायमर टर्पेंटाइननं पातळ करून दोनदा लावा, मधे 220 चा पेपर मारा, पेपर रेषेच्या दिशेनंच. त्याच्याही आधी कोरं लाकूड ओल्या फडक्यानं एकदा पुसून वाळू द्या, केसासारखे तंतू उभे राहतात, ते घासून टाकले की पुढं त्रास नाही. भिंतीची पुट्टी मात्र लाकडाला भरू नका, लाकूड फुगते-आकसते, ती तडकते.

सागवानाचा बैल रंगवावा का, हेही तुम्ही विचारलं. माझं मत विचाराल तर बल्लारशाकडचं चांगलं सागवान मिळालं तर त्याला पॉलिशच करा, ऑइल पेंटखाली दाबणं म्हणजे जिवावर येते. रंगवायचंच असेल तर त्याचं अंगचं तेल थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर रंग धरायला कुरकुर करतो. शिवणीचं लाकूड हलकं, कोरायला मऊ, रंगाला तेच बरं.

आणि रात्री बल्बखाली रंगवू नका. पावसाळ्यात पाखरं येऊन ओल्या रंगात बसतात, काढायला गेलं की पाय तिथंच राहतात. सकाळी आंगणात सडा टाकून धूळ बसली की रंगवा, रंग जुन्या ओढणीतून गाळून घ्या, ब्रश तिसरा हिस्साच बुडवा, अन् लगेच वर टोपलं उपडं घाला, टोपल्याच्या फटी असतात तेवढी हवा त्याला पुरते.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा उरलेला रंग बैलाला मारला तरी चालते. हे नाही चालत भाऊ. आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त ठेवता येत नाही, पण कारखान्याच्या, मशिनरीच्या रंगांना तो नियम लागू नाही. तान्हा पोळा लहान लेकरांचा सण, त्यातली काही तर दुडदुडणारी, हातात बैल आला की पहिलं शिंग तोंडात जाते. म्हणून डब्यावर शिशाचं काय लिहिलं ते वाचून घरगुती कामाचाच छोटा डबा आणा, आणि ट्रॉलीचा उरलेला रंग वावराच्या फाटकाला मारा, तिथं दोन जाड हात मारले तरी मी काही म्हणणार नाही.