स्क्रीनशॉटमधली म्हातारी

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा कट्टा म्हणजे एका बंद दुकानाची दगडी पायरी. समोर चहाची लारी, आणि रात्री साडेनऊनंतर जो येईल तो आपला. परवा शनिवारी पाच जण होतो. बाळू, त्याची बायको म्हणजे आम्हा सगळ्यांची वहिनी, निवृत्त मास्तर, मी, आणि समोरच्या वाड्यातली सोनू. सोनू इथेच फाइन आर्ट्सला शेवटच्या वर्षाला आहे. आमच्यात सगळ्यात लहान आणि एरवी सगळ्यात बडबडी. त्या रात्री मात्र चहाचा ग्लास हातात धरून बसून राहिली. वर साय धरली तरी घोट घेतला नाही.

वहिनीनं दोनदा विचारलं तेव्हा तिनं फोन पुढे केला.

एक चित्र होतं. शेकोटीभोवती पाचसहा आकृत्या. एक रोबो, एक मांजर, एक निळ्या केसांचा मुलगा. मधोमध नऊवारीतली एक म्हातारी, गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसलेली. डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव तरंगत होतं, त्याच्या शेजारी माइक बंद असल्याची लाल खूण. डाव्या कोपऱ्यात चॅटची अर्धी कापलेली ओळ, उजव्या कोपऱ्यात वेळ, १:४७. लुगड्याचा काठ गुडघ्यातून आरपार बाहेर आला होता.

"ही मी," सोनू म्हणाली.

मग सगळं कळलं. डोळ्यांवर हेडसेट चढवून ज्या आभासी खोल्यांमध्ये लोक गप्पा मारायला जमतात, तिथं सोनू दीड वर्ष जाते. तिथं प्रत्येकाचा एक अवतार असतो. बहुतेक जण आयता घेतात, हिनं स्वतः घडवला. आजी गेल्यावर अल्बम समोर ठेवून ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चार महिने ती म्हातारी उभी करत होती. कपाळावरच्या आठ्या, कानातल्या कुड्या, पुढे वाकलेले खांदे. त्या रात्री ती तिथल्या मित्रमैत्रिणींना आजीबद्दल सांगत होती, मधेच रडू आलं म्हणून माइक बंद केला. खोलीत आलेल्या एका मुलानं तेवढ्यात स्क्रीनशॉट घेतला आणि 'म्हातारी रुसली' असं लिहून आपल्या ग्रुपवर टाकला. सोनू आपल्या चित्रांखाली ज्या टोपणनावानं सही करते तेच नाव अवतारालाही दिलेलं. दोन दिवसांत चित्र पुण्याच्या चुलतभावाच्या फोनवर, आणि तिथून घरच्या ग्रुपवर.

बाळू लग्नांचे आणि गरब्याचे फोटो काढतो, तोच त्याचा धंदा. त्यानं फोन हातात घेऊन चित्र नीट पाहिलं आणि म्हणाला, "सोनू, वाईट वाटून घेऊ नकोस. पण चेहरा तुझा नाही, अंग तुझं नाही, लुगडंही तुझं नाही. मग फोटो तुझा कसा?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, त्याला खरंच तसं वाटतं. पंधराएक वर्षांपूर्वी तो सेकंड लाइफवर होता. २००३ साली सुरू झालेलं हे आभासी जग, आजही चालू आहे. तिथले सूर्यास्त, तिथली माणसं टिपण्यात त्याच्या रात्रीच्या रात्री गेल्या आहेत. "तिथं फोटो काढणं हीच एक कला होती," तो म्हणाला. "कॅमेरा आतच दिलेला. बटण त्यांनीच ठेवलंय, तर परवानगी कुणाची मागायची?"

"त्याच सेकंड लाइफचा नियम वाचा, बाळूकाका," सोनू म्हणाली. तोंडपाठ होता तिला. तिथं व्हिडिओ करायचा असेल तर त्यात ज्यांचा अवतार ओळखू येतो किंवा ज्यांचं नाव वाचता येतं, त्या सगळ्यांची संमती लागते. गर्दीत सहज आलेले, मागून क्षणभर जाणारे, यांना सूट.

"हा झाला व्हिडिओचा नियम," बाळू म्हणाला.

"हो, व्हिडिओचाच."

मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. नाव वाचता येणं हे तिथं अवतार ओळखू येण्याच्या बरोबरीनं धरलं आहे. मी तेच बोलून दाखवलं. कॅमेरा समोरचं टिपतो, स्क्रीनशॉट सगळा पडदा उचलून नेतो. नाव, वेळ, बंद माइक, कुणाचीतरी अर्धी ओळ. त्या मुलानं बहुधा फक्त म्हातारी पाहिली. पाठवलं मात्र त्यानं सगळं. नाव कापलं असतं तर ते चित्र पुण्याला पोचलंच नसतं. बोटानं चौकट थोडी आत ओढायची, एवढंच काम होतं, आणि तेवढंही कुणी केलं नाही याचा मला आजही राग येतो.

मास्तरांना शब्दाचं वेड. अवतार म्हणजे खाली उतरणं, आणि १९८६च्या सुमारास लुकासफिल्मनं कॉमोडोर ६४ या संगणकासाठी हॅबिटॅट नावाचं जग केलं तेव्हा पडद्यावरच्या माणसाला हाच शब्द लावला गेला, हे त्यांनी सांगितलं. "शब्द बरोबर घेतला त्यांनी," ते म्हणाले. "उतरणारा कुणीतरी असतोच. रूप वेगळं असलं म्हणून आत कुणी नाही असं होत नाही."

"मास्तर, देवांचीसुद्धा चित्रं घरोघर गेलीच की," बाळू म्हणाला. "आपल्याच लक्ष्मीविलासमधला रविवर्मा घ्या. राजवाड्यातून निघून कॅलेंडरवर आला. काय बिघडलं?"

"छापखाना त्यानं स्वतः काढला, काका," सोनू पटकन म्हणाली. "१८९४ साली, मुंबईत. घरोघर जावं हे त्याच्या मनात होतं. चोरून कुणी नेलं नाही."

बाळू गप्प झाला, पण हरला नव्हता. त्याचा खरा मुद्दा नंतर आला, आणि तो मला अजूनही वजनदार वाटतो. तो म्हणाला, मुखवट्याचा उपयोगच हा, की मुखवट्याचं काही झालं तरी आतल्या माणसाला लागत नाही. बहुरूपी दारात येतो, सोंग दाखवतो, लोक हसतात, तो घरी जातो. सोंगाचं हसं झालं म्हणून बहुरूप्यानं रडायचं ठरवलं तर सोंग घेण्यात राम काय?

यावर सोनूनं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या जगांत अवतार बटणांवर चालायचा, बस म्हटलं की ठरलेल्या पद्धतीनं बसायचा. हेडसेटमध्ये तसं नसतं. हेडसेट डोक्याची हालचाल मोजतो, दोन्ही हातांतले कंट्रोलर हातांची. कंबरेला आणि पायांना ट्रॅकर बांधले तर बसणं, उठणं, पाय हलवणं, सगळं जसंच्या तसं. "मान खाली आहे ना, ती माझी मान आहे," ती म्हणाली. "मी खोलीत फरशीवर तशीच बसले होते. चेहरा आजीचा, पण रडत मी होते." स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये ५११ लोकांची अशी हालचालींची माहिती तपासली होती. पाच मिनिटांहून कमी नोंदीवरून यंत्रानं ९५ टक्क्यांहून जास्त वेळा माणूस बरोबर ओळखला.

"ते हलण्यावरून," बाळू म्हणाला. "हा तर एकच फोटो आहे." बरोबर होतं त्याचं. एका स्थिर चित्रातून तसं काही ओळखता येत नाही, सोनूनंही मान्य केलं. पण बाळू हे बोलला तेव्हा त्याची नजर पुन्हा त्या खाली घातलेल्या मानेकडे गेली, ते मी पाहिलं.

तेवढ्यात वहिनी बोलली. ती सहसा ऐकत असते. "नवरात्रात मी नवलखी मैदानावर गरबा नाचते तेव्हा हजारो लोक बघतात. मला त्याचं काही नाही, मी बघितलं जायलाच गेलेली असते. पण घेरात माझा पाय अडखळला, तेवढाच तुकडा कुणी रीलवर टाकला तर? मैदानावरची माणसं माझ्याबरोबर नाचणारी असतात. रीलवरची कोण? आणि तुम्ही," ती बाळूकडे वळली, "गेल्या वर्षी तुमच्या फोटोवरचं नाव कापून कुणीतरी टाकला होता, तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात."

"तो माझ्या मेहनतीचा प्रश्न होता."

"आणि हिचे चार महिने?"

कायद्याचं आम्ही फार उगाळलं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं, ते मास्तरांना तारखेसकट आठवत होतं. पण रात्री पावणेदोनला एका पोरानं मित्रांना पाठवलेल्या चित्रामागे कुणी कोर्टात जात नाही. हा प्रश्न वागण्याचा आहे, तो कट्ट्यावरच सुटायला हवा.

एका ठिकाणी मात्र मला माझं म्हणणं मागे घ्यावं लागलं. मी म्हणत होते, दुसऱ्याच्या अवताराचं चित्र विचारल्याशिवाय कुठेच पाठवू नये. सोनूनंच मला थांबवलं. या खोल्यांमध्ये अंगचटीला येणारे असतात. २०२२ च्या फेब्रुवारीत फेसबुकवाल्या मेटा कंपनीला आपल्या आभासी जगात दोन अवतारांमध्ये साधारण चार फुटांचं अंतर सक्तीचं करावं लागलं, ते याच तक्रारींनंतर. "माझ्या मैत्रिणीच्या मागे एक जण आठवडाभर होता," ती म्हणाली. "तिच्याकडे पुरावा म्हणून स्क्रीनशॉटच होते. त्याला विचारून घ्यायचे होते का?" तसल्या वेळी नाव कापायचं नसतं, उलट नाव आणि वेळ दिसलीच पाहिजे. म्हणजे जे माझ्या लेखी पाप, तेच तिथं राखण करतं. मी मानलं. फक्त तो पुरावा तक्रार ऐकणाऱ्याकडे जावा, चाळीस जणांच्या ग्रुपवर नव्हे, एवढं मी धरून ठेवलं. बाळू म्हणाला, तक्रार ऐकणारानं कान बंद केले तर? तेव्हा लोकांपुढे न्यायचं नाही तर काय करायचं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

लारीवाल्यानं स्टोव्ह बंद केला. सोनूनं गार चहा एका दमात पिऊन टाकला आणि शेवटची गोष्ट सांगितली, जी सांगायला ती बहुधा आली होती. घरच्या ग्रुपवर ते चित्र आल्यावर भाऊ हसले, काका हसले. आईनं मात्र काही न बोलता ते स्वतःच्या फोनमध्ये ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता विचारलं, "तू केलीस ना ग ती? मानेपासून अगदी माझी आई."

"बघ," बाळू हळूच म्हणाला, "पसरलं म्हणून तर तिच्यापर्यंत पोचलं."

"मी दाखवणारच होते, काका," सोनू म्हणाली. "दिवाळीत. त्या गुडघ्यातून काठ बाहेर येतो ना, तेवढं नीट झालं की."