माज नाही, ऊन आहे ते

"उन्हाळ्यात छोट्या विमानतळांवरून सीटा रिकाम्या ठेवून उडणं हा कंपन्यांचा माज" हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मे महिन्यात आमच्या अमरावतीकडे पारा ४५ ला टेकतो. तापलेली हवा विरळ, म्हणून पंखांना उचल कमी अन् इंजिनाचा जोरही कमी. मग धावपट्टी जास्त लागते. नागपूरची ३२०० मीटर, आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची १८५०. ती ऐनवेळी लांबत नाही, वजनच उतरवावं लागतं. चढावर बैलगाडी अडली की तुरीचे दोन कट्टे खाली काढतो तसं.

राग आहे तो न सांगण्याचा. मागच्या उन्हाळ्यात दूरच्या एका विमानतळावर जावयाले असंच थांबवलं, काउंटरवर कोणी कारण बोलेना. वजनाचं म्हणाले असते तर समजलं असतं ना बाप्पा!