9 टक्के प्रोटीनच्या गवताबद्दल आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की 18 टक्के प्रोटीनचा लसूणघास मागितला असताना आम्ही 9 टक्क्यांचं फिकट गवत गळ्यात मारलं आणि शिंगराला पाजणारी तुमची घोडी त्यावर खंगली. घोडीबाबत चूक आमची आहे. ऑर्डर घेताना आम्ही फक्त घोड्याची चौकशी केली. पागेत व्यालेली घोडी आहे का, हे विचारलंच नाही. याबद्दल मनापासून माफी मागते.

घोड्यासाठी मात्र मी आजही तेच गवत देईन. हलकं काम करणाऱ्या 500 किलोच्या प्रौढ घोड्याला दिवसाला साधारण 700 ग्रॅम प्रोटीन पुरतं. 10 किलो गवतातला ओलावा वजा जाता 9 किलो उरतं, त्याचे 9 टक्के म्हणजे 810 ग्रॅम. लसूणघासातून याच्या दुप्पट जाईल. जास्तीचं प्रोटीन अंगात साठत नाही, त्याचा युरिया होऊन मुतावाटे निघतो. घोडा पाणी जास्त पितो, तबेला ओला राहतो आणि अमोनियाचा तो उग्र वास थेट त्याच्या फुप्फुसांना त्रास देतो.

घोडीचं गणित निराळं. व्याल्यावर पहिल्या महिन्यात तिला रोज 1,500 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं. तुम्ही दिलेलं गवत तिने 12 किलो खाल्लं तरी हजार ग्रॅमही भरत नाहीत. बाकीचं ती स्वतःच्या अंगातून काढते. बरगड्या दिसतात त्यात ऊर्जेची तूटही असणार, म्हणून तिचा दाणाही डॉक्टरांकडून तपासून घ्या.

रंगाचं म्हणाल, तर फिकट गवत उन्हात जास्त राहिलेलं असू शकतं. प्रोटीन ठरतं ते कापणी फुलोऱ्याआधी झाली की नंतर, आणि पानं किती टिकली यावर. म्हणूनच आम्ही प्रत्येक लॉटच्या बऱ्याच गठ्ठ्यांतून नमुना काढून तपासतो. तो रिपोर्ट तुम्हाला मालासोबत मिळायला हवा होता.

घोडीच्या वाट्याचे निम्मे गठ्ठे आम्ही लसूणघासाने बदलून देतो, विनामूल्य. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळा, पण एकदम नको. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोटदुखीची भीती असते. शिंगरू तीन महिन्यांचं झालं की कळवा, तेव्हा प्रमाण पुन्हा ठरवू.